बाबांनी मला घड्याळ दिलं

रविवार, रात्री साडेदहा

वहीचं आजचं पान अजून समोर उघडंच आहे. सगळ्यात वर वाक्य आहे, 'माय फादर गेव्ह मी वॉच', आणि 'वॉच'च्या आधी पेन्सिलीनं काढलेलं एक काकपद. मधला शब्द राहून गेला की खाली काढतात ते. पण वर शब्द लिहिलेलाच नाही. शेजारी बसून माझी वही वाचणाऱ्या मैत्रिणीनं तो मुद्दाम लिहिला नाही. पेन्सिल तशीच धरून तिनं मला विचारलं, "नवीन आणलं होतं का गं त्यांनी?"

त्या एका प्रश्नावर आज आमचा सगळा वेळ गेला.

आम्ही चौघी. एक नर्स आहे, एक हिशेबाचं काम बघते, एक लहान मुलांना शिकवते आणि चौथी मी. चौघींनाही इंग्रजी वाचता येतं, कामापुरतं बोलताही येतं. पण दोन ओळींचं पत्र लिहायचं म्हटलं की हात अडतो. शाळेत निबंध पाठ करायचे आणि पेपरात उतरवायचे, एवढंच आमचं इंग्रजी लेखन. स्वतःच्या मनातलं वाक्य इंग्रजीत कधी लिहिलंच नव्हतं. म्हणून दर रविवारी संध्याकाळी बसतो. २० मिनिटं लिहायचं, शब्दकोश नाही, फोन नाही, शब्द अडला तर तो मराठीत लिहून पुढं जायचं. मग वाचून दाखवायचं आणि वही शेजारणीकडे द्यायची.

सुरुवातीला शेजारीण दिसेल त्या चुकीखाली रेघ मारायची. तिसऱ्याच रविवारी नर्स मैत्रिणीनं वही मिटून मांडीवर ठेवली आणि नंतर काही वाचलंच नाही. रात्रपाळीत एका म्हाताऱ्या पेशंटजवळ ती पहाटेपर्यंत बसून होती, त्याबद्दल लिहिलं होतं. आम्ही मात्र तिला क्रियापदांची रूपं सांगत बसलो होतो. मला अजून त्याचं वाईट वाटतं. त्या दिवसापासून नियम बदलला. आता वाचणारीनं आधी प्रश्न विचारायचे आणि एका आठवड्यात एकाच प्रकारची चूक बघायची. आम्ही जे जे ठरवलं त्यात हे सगळ्यात शहाणपणाचं.

या आठवड्यात पाळी होती 'अ', 'ॲन' आणि 'द' यांची. आपल्याकडे हे शब्दच नाहीत, त्यामुळे ते गाळले तरी आपल्या कानाला काही खटकत नाही. नियम पाठ करून आम्ही थकलो होतो. मग शिकवणारी मैत्रीण म्हणाली, "अगं, गोष्ट कशी सांगतो आपण? एक होता राजा. राजाला होत्या दोन राण्या. पहिल्यांदा 'एक राजा', नंतर नुसता 'राजा'. कारण आता पोरांना तो ठाऊक झाला." म्हणजे 'द' लावायचा की नाही हे शब्दावर ठरत नाही, समोरच्याला काय ठाऊक आहे त्यावर ठरतं. नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, पण मुळात गोष्ट ही. मला तर एकदम दिवा लागल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी एकटी वही घेऊन बसायचे आणि 'द' चुकायचा, कारण समोर कुणी नव्हतंच. मला सगळंच ठाऊक असायचं.

मधे काही रविवार आम्ही बेंजामिन फ्रँकलिनची रीतही करून पाहिली. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करायचा तेव्हा तो आवडलेल्या निबंधातल्या एकेका वाक्याचं थोडक्यात टिपण करून ठेवायचा, काही दिवसांनी त्या टिपणांवरून निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा आणि मग मुळाशी ताडून बघायचा. आम्ही टिपणं मराठीत काढतो. ताडताना दरवेळी एकच दिसतं, मुळातले 'द' आमच्याकडे पोचलेलेच नसतात. टिपणातच ते नसतात ना!

तर घड्याळ.

'बाबांनी मला घड्याळ दिलं.' हे वाक्य मी आयुष्यात कितीदा बोलले असेन. त्यात घड्याळ नवीन की जुनं, कुणाचं, काहीच सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र त्या काकपदावर काहीतरी लिहिल्याशिवाय सुटका नाही. 'अ वॉच' लिहिलं तर वाचणारीला वाटणार, दुकानातून आणलं असेल. 'द वॉच' लिहिलं तर ती विचारणार, कुठलं गं? मी म्हणाले, "नवीन नाही, त्यांच्याच हातातलं. मी परीक्षेला निघाले होते, माझं बंद पडलं होतं." "मग 'हिज' लिही की," ती म्हणाली. 'माय फादर गेव्ह मी हिज वॉच'. लिहिलं आणि बघत बसले. त्या दिवशी दिवसभर त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, हे माझ्या आज पहिल्यांदा लक्षात आलं.

पुढच्या ओळीत वेगळीच अडचण. 'ही टूक इट ऑफ' लिहिताना पेन थांबलं. 'ही' म्हणजे 'तो'. बाबांना 'तो'? मनातल्या मनातसुद्धा मी कधी म्हटलेलं नाही. बाबा आले, बाबा म्हणाले, असंच. तेवढ्यात हिशेबवाली म्हणाली, "आणि आई? आई आली, आई म्हणाली." आम्ही चौघी थोडा वेळ गप्प झालो. चौघींच्या घरी हेच आहे. इंग्रजीत 'ही केम', 'शी केम', दोघं एकाच उंचीवर. मराठीत आईला एकेरी म्हणण्यात किती जवळीक आहे हे मला माहीत आहे, ती मला सोडायची नाही. पण बाबांशी तेवढी जवळीक करायला मला जागाच नव्हती, ती आज त्या परक्या 'ही'मध्ये थोडीशी मिळाली. मी 'ही' तसाच ठेवला.

नर्स मैत्रिणीचं पानही आज छान होतं. तिची वाक्यं लांबच लांब असायची. उठून, आवरून, डबा भरून, पोराला सोडून, असं आपण एका क्रियापदापर्यंत ओढत नेतो. इंग्रजीत तिचे नुसते 'अँड' व्हायचे. आज तिनं प्रत्येक 'ऊन'पाशी पूर्णविराम दिला. पुन्हा त्याच म्हाताऱ्या पेशंटबद्दल लिहिलं होतं. शेवटपर्यंत वाचलं. कुणीही पेन्सिल उचलली नाही.

निघताना माझी शेजारीण दारात थांबली. म्हणाली, "एक राहिलंच. 'गेव्ह' लिहिलंयस. पण त्यांनी घड्याळ तुझ्या मनगटावर बांधलं, की नुसतं हातात दिलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. पट्टा मला सैल होत होता हे आठवतं. शेवटचं भोकही पुरत नव्हतं. पण बांधलं कुणी?

दुसऱ्या ओळीनंतर दोन ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. उद्या सकाळी बाबांना फोन करून विचारते.