आधी बघ, मग हात लाव

घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत मी मधली सीट धरली. खिडकी नको होती, पुढची जागा तर त्याहून नको. इगतपुरीपर्यंत रेल्वेने आले होते तेही एवढ्याचसाठी, की रस्त्याचा जेवढा टळेल तेवढा प्रवास टाळावा.

अपघाताला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. हाडं जुळली, टाके सुकले. गाडी चालवणारा माझा सहकारी गेला आणि मी राहिले. तेव्हापासून डोक्याने एकच काम अंगावर घेतलं होतं: कुठून काय येईल याची पाळत. मागे हॉर्न वाजला की मान वळायची. कुठे दार आपटलं की तळहाताला घाम. डॉक्टरांनी याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक ताण, म्हणतात असं सांगितलं. हे निदान 1980 साली अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या सूचीत आलं. त्याआधी पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अशाच अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. दुखण्याला नाव मिळालं म्हणून बरं वाटलं. झोप काही आली नाही.

बारीजवळ कळसूबाई अख्खी ढगात होती. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, 1646 मीटर, आणि दिसत होता तो फक्त पायथा. शेंडी गावात उतरले तेव्हा पाऊस आडवा लागत होता. मैत्रीण न्यायला आली होती. ती या भागात आरोग्याचं काम करते. प्रवरेच्या धरणामागे जो जलाशय पसरलाय, त्याच्या कडेकडेने रतनवाडीकडे रस्ता जातो. त्या वाटेवरच्या एका वाडीत तिची खोली आहे. वाडी महादेव कोळ्यांची. खोलीची घरमालकीण म्हणजे मावशी. वय साठीच्या आसपास, अंगावर प्लास्टिकचा कागद, कमरेला विळा.

आवणीचे दिवस होते. सगळी वाडी चिखलात उभी. मला भाताची रोपं लावायला कोणी देणार नव्हतं (आणि ते योग्यच होतं), म्हणून मावशी दुपारी शेतावरून परतताना बांधावरची भाजी खुडायची तेव्हा मी तिच्या मागे जाऊ लागले. पिशवी धरायला.

पहिली ओळख झाली टाकळ्याशी. लहानपणापासून रस्त्याच्या कडेला पाहिलेला, त्यामुळे मी सरळ हात घातला. मावशीने मनगट धरलं. “आधी बघ. मग हात लाव.” दोन रोपं शेजारी-शेजारी उभी होती, माझ्या लेखी दोन्ही सारखीच. तिने एकाचं पान उपडं करून दाखवलं. पर्णिकांच्या तीन जोड्या, देठाकडे निमुळत्या, टोकाला रुंद आणि गोलसर. हा टाकळा. शेजारच्याच्या चार-पाच जोड्या, प्रत्येक टोकदार, आणि चुरगळल्यावर नाक मागे घ्यावं असा वास. तो कासविंदा. त्याच्या शेंगांतल्या बिया विषारी. उत्तर भारतात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याची नोंद आहे. टाकळा संध्याकाळी पानं मिटतो हेही तिनेच सांगितलं, आणि संध्याकाळी मी खरंच खात्री करायला गेले. मिटली होती.

मग रोज नवं काहीतरी. कुर्डू, भारंगी, आघाडा. फोडशी म्हणजे तर पहिल्या नजरेला नुसतं गवत. ती निवडताना पातीच्या बुडाचा पांढरा कडक भाग काढून टाकायचा, हे मला मावशीच्या सुनेने शिकवलं आणि माझा वेग पाहून “ताई, रात्रीच्या जेवणाला होईल ना?” असं विचारलंही. शेवळाचा हंगाम उरकत आला होता. ही सुरणाच्या जातकुळीतली. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच घशाला खाजवतात. म्हणून सोबत काकडाची आंबट फळं नाहीतर चिंच हवीच.

या सगळ्यात माझं काय होत होतं ते बांधावर असताना कळलं नाही. एका दुपारी रस्त्यावरून ट्रक गेला, हॉर्न वाजवत, आणि मी मान वर केली ती तो वळणापलीकडे गेल्यावर. तोपर्यंत मी भारंगीच्या पानाची दातेरी कड बघत होते. पाळत सुटली नव्हती. डोळे तसेच भिरभिरत होते, तेवढ्याच हावरटपणे. पण आता ते पानाची कड, शीर, लव, देठाचा रंग शोधत होते. वर्षभर मला सगळे सांगत होते, “शांत हो, तिकडे लक्ष देऊ नकोस.” लक्ष न देणं मला जमतच नव्हतं. इथे कोणी तसं सांगितलं नाही. उलट नीट लक्ष दे म्हणाले.

आणि भीतीचंही तेच. मावशीने मला कळलावी दाखवली. अजून फुलली नव्हती. ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं आली की कोणीही ओळखेल, पण नुसत्या वेलावर ओळखायची तर पानाचं टोक बघायचं. ते पुढे बारीक होत जातं, तारेसारखं वळतं आणि शेजारच्या काटकीला धरून ठेवतं. मी ते टोक काडीने सोडवून पाहिलं. दीड वेढा घातलेला होता. कळलावीत कोल्चिसिन असतं. गाऊट नावाच्या सांधेदुखीवर डॉक्टर हेच औषध अगदी थोड्या मात्रेत देतात, पण या वेलाचा कंद कोणी रानकंद समजून खाल्ला तर जीव जाऊ शकतो. माझ्या घरच्यांनी मला सांगितलं असतं, “काही नाही गं, साधा वेल आहे.” मावशी म्हणाली, “ही मारते. टोक बघून ठेव.” मला त्या वाक्याने केवढा दिलासा मिळाला! धोका कुठे असतो, कसा दिसतो, आणि कुठे नसतो, हे कोणीतरी बोट ठेवून सांगत होतं. डॉक्टरांच्या खोलीतही आम्ही याच दिशेने चाललो होतो, फक्त तिथे हाताला काही लागत नव्हतं. औषधं आणि भेटी मी बंद केल्या नाहीत. भाजीने ते काम होतं असं मी म्हणत नाही.

रानात जाऊन मन हलकं होतं वगैरे लेख मी बरेच वाचलेत. जपानमध्ये तर 1982 पासून त्याला शिनरिन-योकू, म्हणजे वनस्नान, असं नाव आहे. त्या लेखांतलं रान सगळं कसं मऊ मऊ असतं. मावशीचं तसं नाही. एका रात्री चुलीपाशी मी कडूकंदाबद्दल विचारलं. तिने नुसतीच लाकडं पुढे सारली. मग म्हणाली, की बहात्तरच्या दुष्काळात ती सात-आठ वर्षांची होती. आई कंद खणून आणायची, चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळायची, रातभर ओढ्याच्या धारेत ठेवायची, तरी कडवटपणा उरायचाच. “पुढं घरात भात आला ना, तरी किती वर्षं मी त्या वेलाकडं बघत नव्हते. आई आठवायची. आईची भूक आठवायची.”

आता बघतेस का, मी विचारलं.

“आता नातवाला दाखवते. त्याला ठाऊक पाहिजे.”

मला माझ्या घाटातलं ते वळण आठवलं. मी तिला त्याबद्दल तोवर काही बोलले नव्हते. त्या रात्री बोलले. तिने ऐकून घेतलं, गेलेल्या सहकाऱ्याला मुलं किती ते विचारलं, आणि भाकरी उलटली.

कोणी उत्साहाने पिशवी घेऊन निघणार असेल तर एक सांगते. या भागाचा मोठा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकडाखेरीज रानात मिळणाऱ्या गोष्टींवर, हक्क दिला तो पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना, तुम्हा-आम्हा पाहुण्यांना नाही. मी जे खुडलं ते मावशीच्या बांधावरचं, तिच्या देखत. फोटो बघून तर काही तोंडात घालूच नका. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. सुरुवात तिथे करा, बायकांशी बोला. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. मावशीला त्यांचा भारी अभिमान. “ती पेरायचं सांभाळते,” म्हणते, “आमचं आपलं न पेरलेलं.”

परतताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली. छान वगैरे काही वाटलं नाही. उताराच्या दोन वळणांवर पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली, एकदा डोळे मिटले. बाकी वेळ कडेची झाडी बघत होते आणि बारीच्या अलीकडे कुंपणावर चढलेला करटोलीचा वेल चालत्या गाडीतून ओळखला. निदान तो असावा.

करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. मादीच्या फुलाखाली काटेरी हिरवी गोळी असते, नराच्या फुलाखाली काहीच नाही. नराला फळ धरत नाही, पण तो जवळपास नसेल तर मादीलाही धरत नाही. कंद जमिनीत टिकतो आणि दर पावसाळ्यात त्याच जागी उगवतो, म्हणून वाडीतली प्रत्येक बाई आपापल्या जागा मनात ठेवून असते. निघायच्या आदल्या दिवशी मावशीने मला तिची एक जागा दाखवली. ऑगस्टात ये, तोवर धरतील म्हणाली.

“पण तुझ्या त्या फोनात जागा लिहू नको. शेजारीण वाचते.”

म्हणून लिहीत नाही.