ब्रेक पॅडल मऊ: हवा, शू की मास्टर सिलिंडर?

जुन्या गाडीचं ब्रेक पॅडल मऊ लागलं की बहुतेक जण थेट ब्रेक लाइनमधली, म्हणजे ब्रेक तेलाच्या नळ्यांमधली, हवा काढायला बसतात. पण पॅडल मऊ लागण्यामागे तीन वेगळे दोष असू शकतात, आणि गाडी जागेवर उभी असतानाच ते पायाला कळतात.

इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पॅडल दाबा, म्हणजे बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपेल. पॅडल स्पंजासारखं दबत असेल आणि भराभर पंप केल्यावर वर येऊन कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. खोल जातं पण शेवटी दगडासारखं कडक लागतं? मग मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) सैल असण्याची शक्यता जास्त. चाकांना दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पुन्हा दाबा. उंची लगेच वाढली तर हवा काढण्यात वेळ घालवू नका, शू ॲडजस्ट करा.

दाबून धरलेलं पॅडल सावकाश खाली बसत जात असेल, तर मात्र गाडी रस्त्यावर काढू नका. आधी गळती शोधा. व्हील सिलिंडरचं (ड्रममध्ये शूंना ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी डस्ट कव्हर उचलून आत ओल आहे का ते बघाच. आत ओल असली तरी बाहेरून सगळं कोरडं दिसू शकतं. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर तेल ढकलणारा मुख्य सिलिंडर) बूस्टरला बसतो त्या सांध्याखालचा रंग फुगून सुटला असेल, तर मागच्या सीलमधून तेल गळतंय. ते बूस्टरच्या आत साठत राहिलं तर जमिनीवर थेंबही पडत नाही. कुठेच गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची आतली सीलं गेली आहेत.

पॅडल दाबून इंजिन चालू केल्यावर ते किंचित खाली जातं. तो दोष नाही, बूस्टर काम करतोय.

हवा काढताना पॅडल तळापर्यंत नेऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात पिस्टन एरवी पोचतच नाही, तिथे गंज आणि गाळ धरलेला असतो. सील त्यावर घासून फाटलं, की हवेचा साधा दोष मास्टर सिलिंडरवर जातो. आणि कितीही तेल काढलं तरी पॅडल स्पंजासारखंच राहिलं, तर कॅलिपरचा (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचं तोंड, कुठे आहे ते बघा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला असेल तर निपल खाली येतो आणि हवा वरच अडकून राहते.