तेल बदललं आणि गाडी रडायला लागली

काका गाडीतून उतरले ते आवाज चढवूनच. "काल तुमच्याकडे आणेपर्यंत गाडी गुपचूप चालत होती. तुम्ही मागचं तेल बदललंत आणि रात्रीपासून रडतेय. घातलंत तरी काय?"

माघातली सकाळ. इंदूरच्या देवास नाक्यावर धुकं होतं, समोरच्या ठेल्यावर पोह्यांवर शेव पडायला नुकती सुरुवात झाली होती आणि माझा चहा अजून यायचा होता. काका रामबागेतले, कॅटरिंगवाले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जुनी पिकअप घेतली होती. कढया, पातेली, शेगड्या लादून महू, देवास, उज्जैन अशी लग्नं करत फिरायचं. आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला आले तेव्हा मी हँडबुक उघडून पाहिलं होतं. मागच्या डिफ्रन्शियलला, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीला, ८०डब्ल्यू-९० जाडीचं, जीएल-५ दर्जाचं. तेच भरलं होतं, सीलबंद डब्यातून, पातळी फिलरच्या, म्हणजे तेल भरायच्या, भोकाच्या खालच्या काठापर्यंत. चूक कुठेच नव्हती. तरीही पोटात गोळा आलाच, कारण तेल काढण्याआधी मी गाडी चालवून पाहिली नव्हती. लग्नसराईची गर्दी, पोऱ्याने प्लग खोलला आणि मी दुसऱ्या गाडीखाली होतो.

"बसा काका, एक चक्कर मारू."

बायपासला लागलो. चाळीसपर्यंत काही नाही. पन्नासच्या पुढे मागून हुंकार सुरू झाला आणि साठला त्याची चक्क सनई झाली. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की सूर बदलायचा, पुन्हा दाबला की पहिल्यावर यायचा. स्टिअरिंग डावी-उजवीकडे झुलवून पाहिलं, सुरात काही फरक नाही. चाकाची बेअरिंग असती तर वजन एका बाजूला गेल्यावर आवाज हलला असता. हा आवाज क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफ्रन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचा होता, आणि असला आवाज एका रात्रीत तयार होत नाही. पण हे काकांना नुसतं तोंडाने कसं पटणार? गॅरेजवाला "आधीपासूनच होतं" म्हणाला की गिऱ्हाईकाला काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. दुसऱ्याच्या दुकानात मलाही तसंच वाटतं.

नशिबाने कालचं काढलेलं तेल अजून ट्रेमध्येच होतं. पोऱ्याने आळस केला होता, ड्रममध्ये ओतलं नव्हतं. एरवी मी ओरडलो असतो.

काडीने ढवळलं तर ते काडीलाच चिकटून वर आलं. काका वाकले, चष्मा वर सारला, आणि चिमटीत थोडं तेल घेऊन अंगठा आणि तर्जनी हळूच फाकवली. दोन बोटांच्या मध्ये काळी तार ताणली गेली, तुटेना. त्यांनी बोटं मिटली, पुन्हा फाकवली.

"दोनतारी आहे हो हे," काका म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पाकात घातली तर जिलबी दगड होईल."

चाळीस वर्षं पाकाची तार बघितलेला माणूस. मी सांगून जे पटलं नसतं, ते त्यांच्या चिमटीने त्यांना सांगितलं. गिअर ऑइल जाड असतं, पण त्याची अशी तार येत नाही. त्यात कोणीतरी घट्ट, चिकट मिश्रण ओतलं होतं. असली मिश्रणं बाजारात मिळतात. घासलेल्या दातांमधल्या फटीत ती गादीसारखी बसतात, आवाज दबतो आणि गाडी विकली जाते. मी योग्य तेल भरून ती गादी काढून टाकली, एवढाच माझा गुन्हा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी गाळ होता, तो जुन्या गाडीत असतोच. त्यात सुईसारख्या बारीक किसळ्याही होत्या, त्या मात्र असायला नकोत.

तेवढ्यात काकांचा भाचा आला. मोबाइलवर वाचून तयारीनिशी. त्याचं म्हणणं, ७५डब्ल्यू-९० सिंथेटिक घाला, महाग असलं तरी. काकांचं म्हणणं, नव्वद नंबरच हवं ना, मग कुठलंही नव्वद का चालू नये? शहरातला प्रत्येक ड्रायव्हर काउंटरवर जाऊन 'नब्बे नंबर' मागतो आणि दुकानदार हाताला लागेल तो डबा देतो. पण नव्वद म्हणजे फक्त जाडी, तीसुद्धा इंजिन ऑइलच्या मापाने नाही. गिअरचं नव्वद गरम झाल्यावर जवळपास इंजिनच्या चाळीस-पन्नासइतकंच जाड असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यूची परीक्षा उणे ४० अंशांवर होते, ८०डब्ल्यूची उणे २६ वर. भाच्याला म्हटलं, लेहला लग्न धरलंत तर बघू, इंदूरला कशाला?

खरा प्रश्न जीएलचा. डिफ्रन्शियलमध्ये पिनियन क्राऊनच्या मध्यावर बसत नाही, खाली सरकलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसटत सरकतात, आणि त्या घसटण्यात तेलाचा थर पुसला जातो. तिथे कामाला येतात तेलातली गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं. दाबाने दात तापले की ती धातूवर स्वतःचं कवच धरतात. जीएल-५ मध्ये त्यांची मात्रा जीएल-४ च्या साधारण दुप्पट असते. दोन्ही डब्यांवर ८०डब्ल्यू-९० छापलेलं असतं, म्हणून लोक फसतात. उलटही फसतात: हेच गंधक गिअरबॉक्समधल्या पितळेच्या सिंक्रो रिंगांना, म्हणजे गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना, खाऊ शकतं, म्हणून हँडबुकात नसेल तर जीएल-५ तिकडे भरायचं नाही.

"मग ओझं आहे म्हणून १४० घालू?" काकांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. उन्हाळाभर पूर्ण भाराने घाट चढणाऱ्या गाडीला, हँडबुकात परवानगी असेल तर, ८५डब्ल्यू-१४० मी देतो. काकांची कढई-पातेली त्या वजनात बसत नाहीत, आणि जाड तेल घुसळण्यात डिझेल जातं.

दुपारी आमच्या मोठ्या मिस्त्रींनी, उस्तादांनी, ॲक्सल ओढले, प्रोपेलर शाफ्ट सोडला आणि अख्खा डिफ बाहेर काढून टेबलावर ठेवला. क्राऊनच्या दातांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. डायल गेज लावला तर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, ०.४५ मिलिमीटर, हँडबुकात ०.१५ ते ०.२०. पिनियनची बेअरिंग हातानेच खुळखुळत होती. "दाँत खा गया," उस्ताद एवढंच म्हणाले. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार करतात, त्यामुळे एकच बदलून भागत नाही. खर्चाचा आकडा ऐकून काका बराच वेळ समोरच्या ठेल्याकडे बघत बसले. गाडी विकणाऱ्याला फोन लावला, त्याने उचलला नाही.

मी मजुरी अर्धी घेतली. आधी चालवून बघितली असती तर आवाज दबलेला असला तरी बॅकलॅशचा धक्का क्लच सोडताना कळला असता, असं मला आजही वाटतं. काकांना ते तसंच सांगितलं.

नवी जोडी बसवली त्या दिवशी काका मुद्दाम बघायला आले. उस्तादांनी तेलात शेंदूर कालवला, चार दातांना लावला आणि क्राऊन हाताने फिरवला. शेंदूर जिथे पुसला जाईल तिथे दात टेकतात. पहिल्यांदा डाग दाताच्या टोकाकडे गेला. शिम, म्हणजे मधली पातळ चकती, बदलली. तिसऱ्या वेळी तो बरोब्बर मधोमध आला, अंडाकृती, कडा मोकळ्या. काकांनी नकळत हात जोडले, मग हसले. ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं भोक, मातीने बुजलेला होता, तोही साफ केला, नाहीतर आत दाब वाढून नवं सील महिन्याभरात गळलं असतं.

नवे दात असल्यामुळे पाचशे किलोमीटरवर तेल पुन्हा बदलायला बोलावलं होतं. काका वेळेवर आले. पोऱ्याने ड्रेन प्लग सोडण्याआधी फिलर प्लग खोलून पाहिला. खालचं रिकामं करून बसलो आणि वरचा निघालाच नाही, तर गाडी उभीच राहते. तेल ट्रेमध्ये पडलं. काकांनी बाही मागे सारली, चिमूट बुडवली, उजेडात धरून बोटं फाकवली.

"तार नाही," म्हणाले, आणि हात पुसायला फडकं मागितलं.