पांढरे लांडगे पाहायला ईलीला जाताय?

पांढरा आर्क्टिक लांडगा त्याच्या मुलखात पाहायचा तर कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समियर बेटावर जावं लागतं. रेझोल्यूट या उत्तरेकडच्या छोट्या वस्तीहून पुढे छोटं विमान भाड्याने घ्यायचं, आणि तो खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून २०१८च्या हिवाळ्यात आम्ही अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या ईली गावी इंटरनॅशनल वुल्फ सेंटर गाठलं. इथे पाळलेला कळप काचेआडून पाहता येतो. तेव्हा तिथल्या कळपात अ‍ॅक्सेल आणि ग्रेसन हे २०१६ साली जन्मलेले दोन आर्क्टिक लांडगे होते.

जायचं तर शनिवार साधा. त्या संध्याकाळी कळपाला खाऊ घालतात, आणि पुढ्यात बऱ्याचदा येतं ते अख्खं मेलेलं हरीण. दोघांपैकी एकाने पुढचे पाय बर्फात रोवून कातडं ओढायला सुरुवात केली, तेव्हा त्याचा पंजा काचेच्या अगदी जवळ होता. बोटांच्या फटींतून दाट केस बाहेर आलेले दिसत होते. पाठीवर भुरभुरलेला बर्फ तसाच होता, जराही वितळला नव्हता. अंगाची ऊब फरच्या बाहेर येतच नाही! कान आणि तोंड आखूड, तेही ऊब टिकावी म्हणूनच.

एल्समियरवर हिवाळ्यात काही महिने सूर्य उगवत नाही. गोठलेल्या जमिनीत बीळ खणणं कठीण, म्हणून मादी बऱ्याचदा खडकाच्या कपारीत विते. शिकार मुख्यतः आर्क्टिक सशांची आणि मस्कऑक्स या लांब केसांच्या, बैलासारख्या जनावराची. मस्कऑक्स पिल्लांना मध्ये घेऊन, शिंगं बाहेर रोखून कडं करतात. ते फुटेपर्यंत लांडग्यांची डाळ शिजत नाही. पुढची शिकार कधी मिळेल याचा भरवसा नसल्याने लांडगा एका बैठकीत नऊ-दहा किलो मांस खाऊ शकतो. एवढं माहीत असलं की शनिवारच्या त्या जेवणाचा अर्थ कळतो.

रानात शेकडो चौरस किलोमीटर हिंडणाऱ्या जनावराला इथे जेमतेम सव्वा एकर मिळतो. मला ते खुपलं, अजून खुपतं. पण रानातला लांडगा बहुधा सात-आठ वर्षांच्या पुढे जात नाही, बंदिवासातला मात्र त्याच्या दुप्पट जगू शकतो, हेही खरं. केंद्राचे संस्थापक डेव्हिड मीच १९८६पासून अनेक उन्हाळे एल्समियरवर लांडग्यांच्या जवळ राहून अभ्यास करत होते. तिथल्या लांडग्यांना माणसाची भीती नव्हती, म्हणूनच ते शक्य झालं.

निघण्याआधी सध्या कळपात आर्क्टिक लांडगे आहेत का, हे विचारून घ्या. दर काही वर्षांनी नवी पिल्लं आणतात आणि वय झालेल्यांना वेगळ्या आवारात हलवतात. हिवाळ्यात केंद्र रोज उघडं नसतं. मिनियापोलिसहून गाडीने चार तासांच्या वर लागतात, बर्फ असेल तर आणखी. मुक्काम ईलीतच करा. दुपारी लांडगे झोपलेले असतात, तेव्हा सकाळची वेळ धरा. फ्लॅश बंद ठेवा, लेन्स काचेला टेकवा आणि फोटोआधी थोडा वेळ नुसते कान आणि शेपट्या बघा. कोण कोणाला दबून आहे ते तिथेच दिसतं.