प्रेक्षक हसले, पण चिठ्ठी आली

प्रयोग संपवून मेकअप उतरवत होतो, तेवढ्यात आमच्या स्टेज मॅनेजरबाई आल्या आणि आरशाच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवून गेल्या. मला वाटलं, कौतुक असणार. दुसऱ्या अंकात मी तीन शब्द वाढवले होते आणि त्या तीन शब्दांवर अख्खं थिएटर हसलं होतं. पुढच्या रांगेतले एक आजोबा तर खोकेपर्यंत हसले. चिठ्ठीत पान क्रमांक होता आणि खाली एक ओळ: ‘हे शब्द संहितेत नाहीत, कृपया संहितेप्रमाणे बोलावे.’

ही गोष्ट मागच्या हंगामातली. तरी अजून ती चिठ्ठी आठवली की माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसलोय.

आयोवातल्या या गावात नोकरीनिमित्त आलो तेव्हा इथे नाटक असेल असं वाटलं नव्हतं. मक्याची शेतं, धान्याच्या कोठारांचे उंच सिलो, एक मुख्य रस्ता, आणि त्या रस्त्यावर एकोणिसाव्या शतकातलं ऑपेरा हाऊस. नावावर जाऊ नका, तिथे ऑपेरा बहुधा कधीच झाला नसावा. अमेरिकेच्या या भागात गावोगावी अशी ऑपेरा हाऊसेस आहेत. फिरत्या नाटक कंपन्यांसाठी बांधलेली, पण ‘थिएटर’ म्हटलं की त्या काळच्या सभ्य लोकांच्या कपाळाला आठ्या पडत, म्हणून हे भारदस्त नाव. तिथे आमची मंडळी वर्षाला चार नाटकं करतात, त्यातली निदान दोन विनोदी. औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट, शाळेच्या बसची ड्रायव्हर, निवृत्त न्यायाधीश, दोन शिक्षिका आणि मी. पैसे कुणालाच मिळत नाहीत. ऑडिशन गावातल्या कुणालाही खुली असते.

तर ती चिठ्ठी. मी तडक बाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे एक फाइल काढली आणि लायसन्सचा कागद समोर धरला. इथे कॉपीराइट असलेलं नाटक करायचं तर लेखकाच्या वतीने हक्क सांभाळणाऱ्या कंपनीकडून प्रत्येक प्रयोगासाठी परवाना घ्यावा लागतो. साध्या, संगीत नसलेल्या नाटकाला प्रयोगामागे साधारण शंभर डॉलरच्या आसपास पडतात. तेही ठीक. लेखकाला पैसे मिळालेच पाहिजेत. आपल्याकडे गणेशोत्सवात लेखकाला न विचारता झालेल्या प्रयोगांची मोजदाद करायला बसलो तर आपल्यालाच मान खाली घालावी लागेल. पण त्या कागदात पुढे लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय संहितेतला एकही शब्द गाळायचा नाही, घालायचा नाही, बदलायचा नाही. स्त्रीपात्राचं पुरुषपात्र करायचं नाही. प्रयोगाचं चित्रीकरण करायचं नाही. जाहिरातीत लेखकाचं नाव किती मोठ्या अक्षरात हवं, तेसुद्धा ठरलेलं.

आमच्या एका नाटकात एक शिवी होती. रविवारी दुपारच्या प्रयोगाला चर्चमधून थेट येणाऱ्या आज्यांचा भरणा असतो, म्हणून आमच्या निर्मात्याने ती एक शिवी गाळू का, असं पत्र पाठवलं. उत्तर आलं, नाही. मग रविवारच्या प्रयोगात तो नट ती शिवी खिडकीकडे तोंड करून पुटपुटायचा. शब्द म्हटला गेला, करार पाळला गेला, आज्यांना ऐकू गेलं नाही. या कायदेशीर पुटपुटण्यावर कुणी हसलं नाही, मी एकटा विंगेत हसत होतो.

आता गंमत बघा. आपल्याकडे नाटक रंगमंचावर यायच्या आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. सरकारी शिक्का बसल्याशिवाय पडदा उघडत नाही. हे मी इथल्या न्यायाधीशमहाराजांना सांगितलं तेव्हा त्यांना खरंच वाटेना. सरकार नाटक वाचतं? आधी? इथे सरकारने असं काही करायचं मनात आणलं तर दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं राहावं लागेल. मला जरा ओशाळल्यासारखं झालं, पण लगेच मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे शिक्का एकदाच बसतो. त्यानंतर नटाला रान मोकळं असतं. तुमच्याकडे सरकार विचारत नाही, पण तीन शब्दांसाठी स्टेज मॅनेजर विचारते. आता यात जास्त मोकळं कोण, ते तुम्हीच ठरवा. त्यांनी निकाल राखून ठेवला.

मी हे नुसतं अंगावर आलेलं परतवायला म्हणत नव्हतो. आपला विनोद वाढतोच मुळी ॲडिशनवर, म्हणजे नटाने प्रयोगात आपल्या पदरच्या घातलेल्या शब्दांवर. तमाशात गण-गौळण झाल्यावर बतावणी येते ती कुठे लिहिलेली असते? दादा कोंडक्यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे नाटक ज्यांनी पाहिलं ती माणसं अजून सांगतात की सकाळच्या पेपरातली बातमी रात्रीच्या प्रयोगात हजर असायची. व्यावसायिक नाटकातसुद्धा पहिल्या प्रयोगाला जिथे साधी खसखस पिकते, तिथे पन्नासाव्या प्रयोगाला टाळी येते, कारण मधल्या काळात कुणीतरी तिथे एक ‘अहो’ घातलेला असतो, एक पॉज लांबवलेला असतो, समोरच्याने त्यावर एक नजर वाढवलेली असते. लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाटक आणि शंभराव्या प्रयोगाचं नाटक यांत जे अंतर असतं, ते नटांनी आणि प्रेक्षकांनी मिळून चाललेलं असतं. काही नट त्याचा अतिरेक करतात, हे कबूल. मूळ नाटक शोधावं लागतं, असेही प्रयोग मी पैसे देऊन पाहिले आहेत. पण म्हणून चिठ्ठी?

बाईंशी माझं भांडण नाही, हेही सांगून टाकतो. उलट या बाईंसारखी व्यक्ती आपल्या प्रत्येक हौशी संस्थेला मिळावी. त्या शाळेची बस चालवतात आणि नाटकही तसंच चालवतात. प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकाचा अधिकार संपतो, तो निमूटपणे मागच्या रांगेत जाऊन बसतो. प्रकाश, ध्वनी, पडदा, सगळं बाईंच्या हेडफोनमधल्या आवाजावर हलतं. नाटक सुरू व्हायच्या आधी त्या मेकअप रूमच्या दारात येऊन ‘फाइव्ह मिनिट्स’ म्हणतात आणि आतल्या प्रत्येकाने मोठ्याने ‘थँक यू, फाइव्ह’ म्हणायचं असतं. आभार मानायचे म्हणून नव्हे, ऐकलं याची पोच म्हणून. न्यायाधीशही म्हणतात. मला पहिल्यांदा हे बालवाडीतल्यासारखं वाटलं होतं. पण आपल्याकडे दुसरी घंटा झाली तरी मिशी सापडत नाही म्हणून बोंब मारणारे नट आठवले आणि मीही खणखणीत आवाजात म्हणायला लागलो.

आणि दारं! इथल्या फार्सची दारं बघायला या. आमचे एक निवृत्त सुतारकाका आहेत, ते फार्ससाठी खरी दारं बसवतात. चौकट, बिजागऱ्या, कडी, सगळं खरं. मागून तिरके टेकू देऊन ती चौकट जमिनीला अशी आवळतात की दार कितीही जोरात आपटलं तरी भिंत हलत नाही. फार्समध्ये भिंत हलली की विनोद मेला. दार शक्यतो मागच्या बाजूला उघडणारं ठेवतात, म्हणजे आत येणारा नट दाराआड झाकला जात नाही, चौकटीत उभा असतानाच त्याचा चेहरा लोकांना दिसतो. मी थक्क झालो होतो. पण आपलं नेपथ्य असं का नसतं, याचा विचार केला तेव्हा उत्तर सरळ होतं. आपलं नाटक फिरतं. दुपारी एका नाट्यगृहात, रात्री दुसऱ्या गावात, सेट टेम्पोत घालायचा, तासा-दीड तासात उभा करायचा. तिथे खऱ्या चौकटी कोण वाहणार? इथला सेट एकाच जागी महिनाभर उभा राहतो, नट त्याच दारांतून तालीम करतात. एवढी चैन आपल्या कुठल्या नाटकवाल्याला मिळते?

पण या चैनीची दुसरी बाजू अशी की महिना-दीड महिना तालीम करून प्रयोग होतात सहा. दोन आठवडे, शुक्रवार, शनिवार आणि रविवारची दुपार. शेवटच्या रविवारी पडदा पडला की अर्ध्या तासात सगळे, नायिकेसकट, हातात स्क्रू-गन घेऊन सेट मोडायला लागतात. त्याला स्ट्राइक म्हणतात आणि त्यातून पळ काढणाऱ्याला पुढच्या नाटकात काम मिळणं कठीण. सहा प्रयोगांत विनोद कुठे मुरणार? म्हणून यांना तो तालमीतच पक्का करून आणावा लागतो, हशा कुठे येणार याचा अंदाज बांधून तिथे थांबायचीसुद्धा तालीम करतात. रिकाम्या खुर्च्यांसमोर हशासाठी थांबणं हा काय प्रकार आहे, तो अनुभवल्याशिवाय कळत नाही.

या वसंतात मी एक डाव टाकला. वाचन समितीत ‘चार्लीज आंट’ सुचवलं. आपली ‘मोरूची मावशी’ यावरूनच अत्र्यांनी केली. ब्रँडन थॉमसचं हे नाटक २९ फेब्रुवारी १८९२ रोजी इंग्लंडातल्या बरी सेंट एडमंड्स या लहानशा गावात पहिल्यांदा झालं आणि त्याच वर्षअखेरीस लंडनला जाऊन तिथे सलग १,४६६ प्रयोग चाललं. या १,४६६ प्रयोगांत कुणा नटाने एकही शब्द इकडचा तिकडे केला नसेल, यावर मी विश्वास ठेवणार नाही. समितीला हा इतिहास नको होता. त्यांना एवढंच पटलं की एवढं जुनं नाटक अमेरिकेत कॉपीराइटमधून केव्हाच बाहेर पडलंय, म्हणजे लायसन्सचे पैसे वाचले. मला मात्र हवी होती ती मोकळीक.

मावशी झाला फार्मासिस्ट. सहा फूट उंच, काळा झगा, पांढरा विग. मला मिळाला ब्रॅसेट, म्हणजे ऑक्सफर्डच्या पोरांचा नोकर. पुण्याच्या मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, ‘वा, साहेबाच्या देशात गेलास आणि नोकर झालास.’ मला ते लागलं. म्हणून इथे स्पष्ट करतो की इंग्रजी फार्समध्ये नोकर हा सगळ्यांत शहाणा माणूस असतो आणि प्रेक्षकांकडे बघून स्वगत बोलण्याचा मान त्यालाच मिळतो. शिवाय ऑडिशन झाली होती, भूमिका कुणी रंग बघून दिलेली नव्हती. निदान तसं मी धरून चाललोय. एका प्रयोगानंतर एक बाई मुद्दाम येऊन म्हणाल्या, ‘तुमचे ब्रिटिश उच्चार किती सुंदर जमलेत!’ मी आयुष्यभर जसं इंग्रजी बोलत आलोय तसंच बोलत होतो. मी त्यांचे आभार मानले.

तालमीत मी फार्मासिस्टला म्हटलं, आता तुला काय हवं ते घाल, कुणी पकडणार नाही. ‘मोरूची मावशी’तले साडी नेसलेले विजय चव्हाण डोळ्यांसमोर आणून मी त्याला चालण्याचे, मान वेळावण्याचे प्रकार दाखवले. मावशी चहा कपाऐवजी म्हाताऱ्याच्या टोपीत ओतते, त्या प्रसंगात ओतताना आणखी दोन वाक्यं टाक म्हटलं. तो माझ्याकडे गोळ्यांच्या चुकीच्या चिठ्ठीकडे बघावं तसं बघत राहिला. मग विचारलं, ‘हे कुठल्या पानावर आहे?’

कुठल्याच पानावर नाही, हे त्याला झेपेना. शेवटी तोडगा निघाला. मी माझ्या ॲडिशन कागदावर उतरवल्या, दिग्दर्शकाने निम्म्या खोडल्या, उरलेल्या बाईंनी टाइप करून सगळ्यांच्या संहितेत नवीन पानं म्हणून जोडल्या. मग फार्मासिस्टने त्या अशा म्हटल्या की दर प्रयोगाला तिथे हशा हमखास. विंगेत उभा राहून मी आपलाच हशा ऐकायचो. आणि दुसऱ्या शनिवारी माझ्याच एका ॲडिशनमध्ये मी ऐनवेळी आणखी एक शब्द घातला, तर रात्री आरशावर पिवळी चिठ्ठी. पान क्रमांकासकट.

आता या नाटकाला पुढची वाट फुटली आहे. इथल्या हौशी नाट्यसंस्थांची एक देशव्यापी स्पर्धा असते, राज्य, मग विभाग, मग राष्ट्रीय फेरी. प्रयोग साठ मिनिटांच्या आत बसवायचा. सेट मांडायला दहा मिनिटं, काढायला दहा मिनिटं, आणि सगळं सामान आधी दहा फूट बाय दहा फुटांच्या चौकोनात मावलं पाहिजे. लायसन्सवालं नाटक असतं तर कापाकापीची परवानगी मागत बसावं लागलं असतं, इथे तीन अंकांवर सरळ कात्री चालवता येते. सुतारकाका मात्र हवालदिल झालेत. त्यांची दारं त्या चौकोनात मावत नाहीत आणि दहा मिनिटांत चौकट आवळून होत नाही. सगळी मंडळी घड्याळाकडे बघून घाबरली आहेत.

मी कॉलेजची सगळी वर्षं एकांकिका स्पर्धांत काढली आहेत. परीक्षकांचं घड्याळ, विंगेतली धावपळ, अंधारात हाताला लागेल ते उचलून जागेवर ठेवणं, बाहेरून ‘अरे आवाज कुणाचा’ चालू. बैठकीत हे सांगितलं तर सेट लावण्या-काढण्याचं पूर्ण काम त्यांनी माझ्याकडे सोपवलं. पहिल्या सरावाला मी दारं काढून टाकली आणि नुसत्या घडीच्या चौकटी ठेवल्या. काकांनी दोन दिवस अबोला धरला. बाई स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या. सात मिनिटं चाळीस सेकंद. त्यांनी वहीत ते लिहून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावलं आहे, सात मिनिटांच्या आत आणायला.