इन्शुलिन जनावराचं असतं का हो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. औषधाच्या दुकानात बसून पंचवीस वर्षं झाली, आणि वारी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. गळ्यात तुळशीची माळ, हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि आवाज एकदम खाली: "यात जनावराचं काही नाही ना?"

नाही. पण विचारणाऱ्याचं चुकत नाही, पूर्वी असायचंच. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, ते गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं. पुढची साठ वर्षं कच्चा माल कत्तलखान्यातूनच यायचा. इन्शुलिन म्हणजे 51 मण्यांची माळ धरा. डुकराच्या माळेत आपल्यापेक्षा एकच मणी वेगळा, गाईच्या माळेत तीन. म्हणून तर ते आपल्याला चालून जायचं. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हाही आमच्या फ्रिजमध्ये त्या बाटल्या होत्या.

1978 मध्ये अमेरिकेत जेनेनटेक या कंपनीच्या लोकांनी माणसाच्या इन्शुलिनचा जनुक प्रयोगशाळेत जुळवून आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत घातला. जिवाणू मुकाट्याने माणसाचं इन्शुलिन बनवू लागला. 1982 मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. जैवतंत्रज्ञान म्हणतात ते हेच. पुढे हेच काम यीस्टकडून, म्हणजे पाव फुगवणाऱ्या बुरशीच्या भाऊबंदांकडूनही करून घेतलं. आपल्याकडे 2003 मध्ये वोखार्टनं आणि पुढच्या वर्षी बायोकॉननं असं इन्शुलिन बाजारात आणलं.

एवढं सांगून झालं की माऊली बाटली उलटी करून लेबल वाचतात. "ह्युमन? म्हणजे माणसातून काढतात?" डुकरापेक्षा हे मनाला जास्त लागतं! मग पुन्हा माळेपासून सुरुवात. माणसातून काही काढत नाहीत, माळ फक्त माणसाच्या नमुन्याची.

आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इन्शुलिनला 2024 मध्ये युरोपात मंजुरी मिळाली. मूलपेशींपासून इन्शुलिन करणाऱ्या पेशी वाढवून त्या रोग्याच्या शरीरात सोडायचे प्रयोगही चालू आहेत. ते येईल तेव्हा येईल. मला तूर्त काळजी सिरिंजची. एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट इन्शुलिन असलेल्या बाटलीला लाल टोपणाची, 100 युनिटवालीला केशरी. यात घोळ झाला तर डोस अडीचपट इकडेतिकडे होतो, आणि हे मात्र कुणी विचारत नाही.

परवाच्या माऊलींचा शेवटचा प्रश्न वेगळाच होता: "दिंडीत फ्रिज कुठला?"

चालू बाटली सावलीत, फार गरम न होऊ देता, चारेक आठवडे टिकते. मी त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर ओला पंचा गुंडाळून दिली. म्हटलं, पिशवी ट्रकमध्ये उन्हात टाकू नका, खांद्यावरच्या पडशीत ठेवा.