ढग किती उंचावर आहे हे काढायचं कसं?

इन्फ्रारेड इमेजमध्ये पांढराशुभ्र ढग दिसला की लगेच म्हटलं जातं, फार उंच गेलाय हा. बऱ्याचदा ते बरोबरही असतं, पण सॅटेलाइट उंची मोजत नसतो, तो ढगातून येणारं रेडिएशन मोजतो, साधारण ११ मायक्रॉनच्या आसपासचं, त्यावरून तापमान निघतं आणि तापमानावरून उंची आपण काढतो. समजा जमिनीवर ३२ अंश आहे आणि ढगाचा माथा उणे ३३ दाखवतोय, म्हणजे फरक ६५, वर जाताना हवेचं तापमान सरासरी किलोमीटरमागे ६.५ अंशांनी उतरतं असं धरलं तर माथा १० किलोमीटरवर. हे झालं ढोबळ. जवळपासच्या रेडिओसॉन्डचा, म्हणजे फुग्याला बांधून वर सोडलेल्या तापमान मोजणाऱ्या यंत्राचा, त्या दिवशीचा डेटा मिळत असेल तर ते ६.५ सोडूनच द्या, उणे ३३ कुठल्या उंचीवर आहे ते थेट त्यातच बघा.

ढगाच्या तळाचं काम मात्र जमिनीवरूनच करावं लागतं. जमिनीवरच्या तापमानातून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा, वजा करायचा आणि १२५ ने गुणायचं, बस! ३२ आणि २४ असेल तर फरक ८, तळ साधारण १००० मीटरवर. १२५ का, तर वर चढणारी हवा किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते आणि तिचा दवबिंदू फक्त दोनेक अंशांनी उतरतो, म्हणजे दोघांतलं अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी मिटतं. मला हा हिशोब फार आवडतो, पण तो चालतो दुपारी जमीन तापून उठणाऱ्या कापशी ढगांना, सिरसला, म्हणजे खूप उंचावरच्या पातळ बर्फाळ ढगांना, लावलात तर येणाऱ्या आकड्याला काहीच अर्थ नाही. सिलोमीटर, म्हणजे जमिनीवरून वर लेझर सोडून तळ मोजणारं यंत्र, असेल तर प्रश्नच मिटला, लेझरचा पल्स १० मायक्रोसेकंदात परत आला की तळ दीड किलोमीटरवर.

आता खरी गोची. पातळ सिरसमधून खालच्या गरम जमिनीचं रेडिएशन आरपार येतं, त्यामुळे ढग १२ किलोमीटरवर असला तरी सॅटेलाइटला तो उणे ५ वाटू शकतो आणि आपला हिशोब त्याला ६ किलोमीटरच्याही खाली आणून ठेवतो. म्हणून मी आधी १०.८ आणि १२ मायक्रॉन या दोन चॅनलमध्ये दिसणाऱ्या तापमानांतला फरक बघतो, तो ठळक असेल तर ढग पातळ आहे असं समजायचं आणि त्या उंचीवर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरं म्हणजे पॅरॅलॅक्स, तिरकं बघितल्यामुळे जागा सरकल्यासारखी दिसणं, याकडे फार कमी जण लक्ष देतात. भूस्थिर सॅटेलाइट, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी थांबल्यासारखा दिसणारा, तिरका बघतो, त्यामुळे उंच ढग इमेजमध्ये खऱ्या जागेपासून सॅटेलाइटच्या विरुद्ध दिशेला सरकलेला दिसतो. उभ्या रेषेशी ४५ अंशांचा तिरकेपणा असेल तर १० किलोमीटर उंचीचा माथा जवळपास १० किलोमीटर सरकतो! मग हवामान स्टेशनच्या बरोबर वरचा पिक्सेल घेतला तर त्यात दिसणारा ढग स्टेशनवर नसतोच मुळी.

आणि माथा १० किलोमीटर, तळ १ किलोमीटर, म्हणून जाडी ९, असं लगेच लिहून मोकळं होऊ नका, खाली एक थर, वर वेगळाच दुसरा आणि मध्ये चक्क मोकळी हवा असं अगदी नेहमी असतं. आधीच्या तासाभराच्या इमेजेस लावून बघा, तोच ढग वाढत वाढत थंड होत गेला असेल आणि खाली जोरदार पाऊस चालू असेल तरच ते ९ धरा.